बीपीटीएचनंतर बायोमेकॅनिक्स: गणिताची भीती आणि आजींची वाकडी चाल

प्रश्न थोडक्यात असा: "मी सांगलीची, बीपीटीएचच्या, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीच्या, तिसऱ्या वर्षाला आहे. किनेसिऑलॉजी, म्हणजे हालचालीचं शास्त्र, शिकताना पहिल्यांदा वाटलं, हेच आपलं. पण बारावीला बायोलॉजीवर भर दिला आणि गणित सुटलं ते सुटलंच. सीनियर म्हणतात, बायोमेकॅनिक्स, म्हणजे शरीराच्या हालचालींमागच्या बलांचा हिशेब, हे इंजिनिअर लोकांचं काम, फिजिओनं त्यात पडू नये, आणि पडलंच तर भारतात नोकरी नाही. पुढे एमपीटी (फिजिओथेरपीतलं पदव्युत्तर) करू, आयआयटीला जाऊ की परदेशी? गणित किती लागतं? आणि लॅपटॉप कोणता घेऊ?"

माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची आहेस, म्हणून सरळ 'तू' म्हणते. मीही फिजिओच. बावीस वर्षांतली पहिली सहा ओपीडीत गेली, उरलेली गेट लॅबमध्ये. गेट म्हणजे चाल, हे तुला ठाऊक आहे. आमच्या कुरिअरवाल्याला अजून ठाऊक नाही, तो पार्सल घेऊन मेन गेटवर उभा राहतो आणि तिथून फोन करतो.

आधी गणिताचं बघू, कारण तुझे बाकीचे प्रश्न त्या भीतीच्या पोटातच आहेत.

वही घे. ६० किलोची बाई उजव्या पायावर उभी आहे असं चित्र काढ. चालताना प्रत्येक पावलाला आपण क्षणभर असेच उभे असतो. ६० किलो म्हणजे ढोबळमानाने ६०० न्यूटन. जमिनीवर टेकलेला पाय सोडून बाकीचं सगळं शरीर, म्हणजे धड, डोकं, हात आणि हवेतला डावा पाय, उजव्या खुब्याच्या सांध्यावर तोललेलं आहे. एक पाय साधारण वजनाच्या सहाव्या हिश्श्याचा, म्हणून वरचं उरलं ५०० न्यूटन. हे ५०० न्यूटन सांध्याच्या बरोबर वर नाहीत, मध्याच्या बाजूला सरकलेले आहेत. १० सेंटिमीटर धर. म्हणजे धड डावीकडे कलंडायला बघतंय. त्याला धरून ठेवतो खुब्याच्या बाहेरच्या बाजूचा ग्लुटिअस मीडियस आणि त्याची भावंडं. पण त्या स्नायूला सांध्यापासून जेमतेम ५ सेंटिमीटरची दांडी मिळाली आहे. तराजूची एक दांडी दुप्पट लांब असेल तर आखूड बाजूच्या पारड्यात दुप्पट वजन टाकावं लागतं, हे भाजीवाल्यालाही कळतं. स्नायूला १००० न्यूटन ओढावं लागतं. आणि सांध्याच्या डोक्यावर? वरून ५०० शरीराचे, १००० स्नायूचे. दीड हजार न्यूटन. नुसतं एका पायावर उभं राहिलं की खुब्यावर शरीराच्या वजनाच्या अडीचपट भार.

बघ, गुणाकार, भागाकार आणि बेरीज. चौथीचं गणित. स्नायू थोडा तिरपा ओढतो, तो कोन मी इथे सोडून दिला आहे. तो धरायचा तर दहावीची त्रिकोणमिती. बर्लिनच्या एका गटानं कृत्रिम खुब्यातच सेन्सर बसवून माणसं चालवली आणि २००१ मध्ये आकडे प्रसिद्ध केले. सावकाश चालताना खुब्यावरचा सर्वाधिक भार शरीराच्या वजनाच्या साधारण अडीचपटच्याच आसपास निघाला. वहीतला हिशेब आणि माणसाच्या आतलं मोजमाप इतकं जवळ आलेलं पाहिलं तेव्हा मी खरंच खुर्चीतून उठून दोन फेऱ्या मारल्या होत्या.

आता त्याच बाईच्या डाव्या हातात काठी दे. दुखतो उजवा खुबा, काठी डाव्या हातात. ओपीडीत हे तू शंभर वेळा सांगशील आणि शंभर वेळा पेशंट काठी दुखऱ्या बाजूच्या हातात घेऊन परत येईल. का डाव्या हातात? काठीवर फक्त ६ किलोचा भार टाकला, म्हणजे ६० न्यूटन, आणि काठी खुब्यापासून आडवी ३५ सेंटिमीटर लांब टेकली असं धर. ६० गुणिले ०.३५ म्हणजे २१. धड कलंडवणारा मोमेंट, म्हणजे बल गुणिले दांडी, होता ५०० गुणिले ०.१०, म्हणजे ५०. उरले २९. भागिले ०.०५. स्नायूला आता १००० ऐवजी ५८० न्यूटनच ओढायचे आहेत. सांध्यावर ५८० अधिक ५०० वजा काठीनं उचललेले ६०, म्हणजे १०२० न्यूटन. हातावर ६ किलो घेतले आणि खुब्यावरचे जवळजवळ ४८ किलो उतरले. हा हिशेब स्वतःच्या हातानं एकदा केला की काठी कुठल्या हातात हे पाठ करावं लागत नाही, आणि पेशंटला सांगताना आवाजात जो विश्वास येतो तो पाठांतरातून येत नाही.

बाकीचं गणित यावरच चढत जातं. बलाचं चित्र, तीन दिशांतले सदिश, थोडं मॅट्रिक्स, आणि कॅल्क्युलसमधलं डेरिव्हेटिव्ह म्हणजे नेमकं काय याची हाडात भिनलेली समज. सूत्रं तोंडपाठ नसली तरी चालतील. पण ही समज नसेल तर संगणक जे देईल ते तू खरं मानशील, आणि या विषयात खरा धोका तो आहे. एक उदाहरण देते. कॅमेरा सेकंदाला १०० चित्रं घेतो, म्हणजे दोन चित्रांत ०.०१ सेकंद. घोट्यावर मार्कर, म्हणजे कॅमेऱ्याला दिसणारी छोटी खूण, चिकटवलेला असतो; त्याची जागा मोजताना एकाच चित्रात १ मिलिमीटरची चूक झाली. जागेवरून वेग आणि वेगावरून त्वरण काढायचं तर शेजारच्या दोन जागांच्या बेरजेतून मधल्या जागेची दुप्पट वजा करून ०.०१ च्या वर्गानं भागायचं. ०.००१ ची दुप्पट ०.००२, भागिले ०.०००१. त्वरणात चूक आली २० मीटर प्रति सेकंद वर्ग. गुरुत्वाकर्षणाच्या दुप्पट! तांदळाच्या दाण्याहून छोट्या चुकीनं तुझ्या पेशंटचा घोटा रॉकेटासारखा उडाला. म्हणून सगळे आधी डेटा फिल्टर करतात, म्हणजे ठरावीक आकड्याहून जलद थरथर गाळून टाकतात. आणि म्हणूनच फिल्टरचा आकडा "सगळे ६ हर्ट्झ घेतात" म्हणून घेतला असं मुलांनी सांगितलं की मी वही परत देते. चालण्याला जो आकडा चालतो तो टाच आपटून पळणाऱ्याला लावलास तर आपटण्याचा तो धक्काच पुसून जाईल, आणि अभ्यास असतो नेमका धक्क्याचा.

सीनियर लोकांचं म्हणणं अर्धं खरं आहे. मशीन बनवणं, सॉफ्टवेअर लिहिणं यात इंजिनिअर पुढे असतात आणि असावेतही. पण मार्कर लावायचा कुठे? एएसआयएस, म्हणजे कमरेच्या हाडाचं पुढचं टोक, हाताला लागायला हवं. माझ्याकडे आलेला एक अतिशय हुशार मेकॅनिकल इंजिनिअर पहिले दोन महिने एएसआयएसच्या चार बोटं वर मार्कर चिकटवत होता. कोड सुरेख, उत्तर चुकीचं. तिथे एका सेंटिमीटरनं खुब्याच्या सांध्याचं केंद्र सरकतं आणि पुढचा सगळा हिशेब त्याच्यामागे जातो. शिवाय मार्कर हाडावर नसतो, कातडीवर असतो; मांडीवरची कातडी आणि स्नायू चालताना हाडावरून सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर सहज घसरतात. ते कुठल्या माणसात किती घसरतील याचा अंदाज ज्याच्या हातानं हजार मांड्या तपासल्या आहेत त्याला जास्त. तुझी बोटं ही तुझी पात्रता आहे, तिला कमी लेखू नकोस.

पण फिजिओची एक खोडही आहे, ती सांगते. आपल्याला डोळ्यांनी दोष शोधायला शिकवलेलं असतं. खांदा उतरला, कंबर कलली, पाऊल बाहेर वळलं. दिसला दोष की दुरुस्त कर.

काही वर्षांपूर्वी जुन्नरकडच्या एक आजी आमच्याकडे आल्या. दोन्ही गुडघे आतल्या बाजूनं झिजलेले, पाय धनुष्यासारखे, आणि चालताना जो पाय टेकेल त्या बाजूला धड झुकवायच्या. बदकासारखी चाल. माझ्या विद्यार्थिनीनं आठवडाभर त्यांना आरशासमोर सरळ चालायला शिकवलं. दिसायला चाल खरंच सुधारली. आठवड्यानं आजी म्हणाल्या, "सरळ चाललं का दुखतंय गं बाई. वाकडं चाललं का निभतंय." विद्यार्थिनी हिरमुसली. मी तिला म्हटलं, वही काढ, खुब्याचं चित्र काढ, आणि धड उजवीकडे झुकव. दांडी १० सेंटिमीटरवरून ६ वर आली. मोमेंट ५० वरून ३०. स्नायू १००० वरून ६००. सांधा दीड हजारावरून अकराशेवर. गुडघ्यातही हेच तत्त्व. धड टेकलेल्या पायावर नेलं की जमिनीकडून येणाऱ्या बलाची रेषा गुडघ्याच्या केंद्राजवळ सरकते आणि आतल्या बाजूवरचा दाब कमी होतो. मग आजींना फोर्स प्लेटवरून, म्हणजे पावलाखालचं बल मोजणाऱ्या पाटीवरून, दोन्ही प्रकारे चालवलं. वाकड्या चालीत गुडघ्याचा तो मोमेंट स्पष्ट कमी आला. आजींनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. त्यांच्या शरीरानं हा हिशेब आपला आपण सोडवला होता आणि आम्ही त्यावर लाल शाई मारत होतो.

याचा अर्थ झुकणं चांगलं असा घेऊ नकोस. त्याची किंमत कंबर मोजते, आणि आजींना शेवटी काठी आणि मांडीचे व्यायाम दिलेच. पण चाल बदलण्याआधी ती तशी का आहे हे विचारायचं असतं, आणि त्या 'का'चं उत्तर डोळ्याला दिसत नाही. हालचाल दिसते, बल दिसत नाही. मला विचारशील तर विद्यापीठात दोन-तीन वर्षं घालवून शिकायचं ते हेच. कॅमेरे आणि सॉफ्टवेअर दर पाच वर्षांनी बदलतात.

डोळा किती फसतो याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे मुरलीधरन. १९९५ च्या बॉक्सिंग डे कसोटीत मेलबर्नला त्याला फेकीसाठी नोबॉल दिले गेले. पुढे पर्थच्या वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठात तपासणी झाली. त्याचं कोपर जन्मतःच पूर्ण सरळ होत नाही. असा वाकलेला हात खांद्यातून गोल फिरला की एका जागेवरून बघणाऱ्याला तो सरळ होत गेल्यासारखा भासतो, कारण डोळा आणि एकच कॅमेरा तीन मितींचं दोन मितींत चपटं करतात. नंतर २००४ च्या चॅम्पियन्स ट्रॉफीत इतर गोलंदाजांचीही मोजणी झाली, तेव्हा जवळजवळ सगळ्यांचाच हात थोडाफार सरळ होतो असं दिसलं. मग २००५ पासून आयसीसीनं सर्वांना १५ अंशांची एकच मर्यादा लावली. त्याआधी फिरकीला ५, मध्यमगतीला ७.५ आणि वेगवान गोलंदाजाला १० अंश अशी वर्गवारी होती. आज अशी अधिकृत तपासणी चेन्नईच्या श्री रामचंद्र संस्थेतही होते. तेव्हा पुतण्याच्या बोलिंगचा मोबाइलवर व्हिडिओ काढून "हा फेकतो" असा निकाल कुणी मागितला तर देऊ नकोस. मी एकदा दिला होता. ते घर अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

माझी स्वतःची मोठी चूक मात्र डोळ्याची नव्हती, रंगाची होती. एमपीटीच्या प्रबंधासाठी मी सपाट तळव्याच्या तरुणांची चाल मोजत होते. फोर्स प्लेट जमिनीत बसवलेली. लोकांचं पाऊल नेमकं तिच्यावर पडेना. वैतागून मी तिच्याभोवती पिवळी पट्टी चिकटवली आणि सांगितलं, इथे पाय ठेवा. काम भराभर झालं. अकरा महिन्यांनी तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी आलेख दोन मिनिटं पाहिले आणि विचारलं, "सगळ्यांचं शेवटचं पाऊल लांब कसं?" पट्टी गाठायला प्रत्येकानं पाऊल ताणलं होतं. मी त्यांची चाल मोजली नव्हती, पट्टीवर उडी कशी मारतात ते मोजलं होतं. तेव्हापासून आमच्या प्लेटवर फरशीचाच रंग आहे, आणि "नॉर्मल चाला" हे शब्द लॅबमध्ये उच्चारायचे नाहीत असा नियम. ते ऐकून जगात कुणीही नॉर्मल चाललेलं नाही. मी आजींना सुनेबद्दल विचारते. चाल आपोआप खरी होते.

हा विषय आपल्याकडे शिकण्याचं आणखी एक कारण आहे आणि ते मला नोकरीपेक्षा मोठं वाटतं. मांडीचं वजन शरीराच्या १० टक्के, नडगी-पोटरीचं ४.६५ टक्के, पावलाचं १.४५ टक्के असे आकडे तू पाठ्यपुस्तकांत बघशील. ते आले कुठून? डेम्प्स्टर नावाच्या अमेरिकन संशोधकानं १९५५ मध्ये, विमानदलासाठी केलेल्या कामात, आठ शवांवर मोजून काढले. आठ. सगळे पुरुष, बहुतेक वयस्क. नंतर जिवंत माणसांवर इतर पद्धतींनी बरेच चांगले तक्ते झाले, पण ते जुने आकडे अजून सर्रास वापरात आहेत. बीडच्या ऊसतोड कामगार बाईची मांडी त्या आठ पुरुषांच्या तक्त्यातून काढताना थोडी तरी लाज वाटायला हवी.

तेच गुडघ्याचं. सपाट रस्त्यावर चालताना गुडघा फार तर ६०-६५ अंश वाकतो. उकिडवं बसताना १३० च्या पुढे जातो, मांडी घालून बसताना वर पिळही पडतो. पाश्चात्त्य प्रयोगशाळांतला अफाट डेटा चालण्या-पळण्याचा आहे. चुलीपुढे बसणं, भात लावताना दिवसभर वाकणं, डोक्यावर हंडा आणि कडेवर पोर घेऊन चढ चढणं, वारीत दोन-अडीच आठवडे रोज चालणं, मल्लखांबावर एका मांडीच्या पकडीवर लटकणं याचं मोजमाप त्या मानानं फारच थोडं झालं आहे. जयपूर फूटची गोष्टही इथलीच. १९६८ च्या सुमारास जयपूरला कारागीर रामचंद्र शर्मा आणि ऑर्थोपेडिक सर्जन डॉ. पी. के. सेठी यांनी ते पाऊल घडवलं, कारण परदेशी पावलाचा घोटा कडक होता, त्यावर बूट घालावा लागे आणि उकिडवं बसता येत नसे. आपल्या माणसाला शेतात अनवाणी चालायचं होतं आणि जेवायला जमिनीवर बसायचं होतं. आयआयटी मद्रासचा कृत्रिम गुडघा, 'कदम' त्याचं नाव, २०२२ मध्ये आला. तो १६० अंशांपर्यंत वाकतो, म्हणजे रिक्षात, एसटीच्या अरुंद सीटवर पाय दुमडून बसता येतं. प्रश्न आपल्या अंगणातला असला की उत्तर वेगळं निघतं.

आता रस्ते.

एमपीटी कर, असं मी तुला सांगेन. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी एमपीटीत बायोमेकॅनिक्स ही वेगळी शाखा नसते. मस्क्युलोस्केलेटल किंवा स्पोर्ट्स घ्यायचं आणि प्रबंध मोजमापाचा करायचा. पण कॉलेज निवडताना माहितीपत्रकातला गेट लॅबचा फोटो बघून भुलू नकोस. स्वतः जा आणि तीन गोष्टी विचार. गेल्या वर्षी त्या लॅबमधून किती प्रबंध झाले? मशीनची एएमसी, म्हणजे देखभालीचा वार्षिक करार, चालू आहे का? खोलीची किल्ली कुणाकडे असते? पाहुणे आले की उघडायची, एरवी प्लास्टिकच्या आच्छादनाखाली झाकलेली कोटीभराची यंत्रणा मी एकापेक्षा जास्त ठिकाणी पाहिली आहे. त्यापेक्षा एक मोबाइल, एक ट्रायपॉड आणि रोज वाद घालणारा गाइड बरा.

आयआयटीकडे सरळ एमटेकच्या दारानं जाणं फिजिओला अवघड. पात्रतेत बहुधा इंजिनिअरिंगची पदवी आणि गेट (हे परीक्षेचं गेट) असतं. पीएचडीला काही विभाग एमपीटी चालवून घेतात, काही नाही. प्रत्येक वर्षीची पात्रतेची ओळ शब्द न शब्द वाचायची. मधलं दार म्हणजे प्रोजेक्ट स्टाफ. आयआयटी मुंबईचा बायोसायन्सेस आणि बायोइंजिनिअरिंग विभाग, आयआयटी दिल्लीचं बायोमेडिकल इंजिनिअरिंग केंद्र, मद्रासचं आरटूडीटू नावाचं पुनर्वसन-उपकरणांचं केंद्र अशा ठिकाणी माणसांवर चाचण्या घ्यायच्या तर पेशंटला हात लावू शकणारं कुणीतरी लागतंच. वर्षभर तिथे काम केलंस तर जे गणित वर्गात बोचेल ते तिथे गरजेपोटी येईल. नेट किंवा गेट पात्र असशील तर केंद्राच्या जेआरएफचा, म्हणजे संशोधन शिष्यवृत्तीचा, दर २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये आहे. घरी सांगायला हा आकडा उपयोगी पडतो.

खेळाकडे ओढा असेल तर ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण संस्था आणि पतियाळाचं एनआयएस, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्था. कृत्रिम अवयवांकडे असेल तर मुंबईत हाजी अलीच्या पुनर्वसन संस्थेतली प्रॉस्थेटिक्स-ऑर्थोटिक्सची माणसं गाठ. तिथल्या कार्यशाळेत एक दिवस प्लास्टरची धूळ खात उभी राहिलीस तर सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाचा उरलेला पाय बसतो तो भाग, अर्धा सेंटिमीटर सरकवल्यावर माणसाची चाल कशी बदलते ते डोळ्यांसमोर दिसेल. पुस्तकात हे प्रकरण मला कधीच कळलं नव्हतं.

परदेशाचं थोडक्यात. इंग्लंडचा एमएससी एका वर्षाचा, महाग आणि धावपळीचा. लॅबची किल्ली हाती येईपर्यंत वर्ष संपतं. कॅनडात प्रबंधावर आधारलेला मास्टर्स बघ, तिथे किनेसिऑलॉजीची जुनी परंपरा आहे. वॉटर्लूचा विभाग १९६७ पासूनचा, कॅल्गरीची ह्युमन परफॉर्मन्स लॅबही नावाजलेली. तिथे आधी प्राध्यापकानं हो म्हणावं लागतं, मग विद्यापीठानं. फिनलंडमध्ये युवास्कुला विद्यापीठ आहे, थंडी सोसत असेल तर. रँकिंगच्या याद्या बाजूला ठेव. ज्या लॅबचे गेल्या तीन वर्षांतले पेपर वाचताना तुला झोप येत नाही ती लॅब तुझी. प्राध्यापकांना मेल लिहिताना "आय अॅम पॅशनेट अबाउट बायोमेकॅनिक्स" हे वाक्य कापून टाक आणि त्यांच्या पेपरमधल्या एका आलेखाबद्दल एक खरा प्रश्न विचार. माझ्या दोन विद्यार्थिनींना अशा एका प्रश्नावर जागा मिळाली आहे.

नोकरीचं खोटं चित्र रंगवणार नाही. 'बायोमेकॅनिस्ट पाहिजे' अशी जाहिरात महाराष्ट्रात वर्षानुवर्षं दिसत नाही. पण कामं आहेत, वेगळ्या नावांनी. चाकण-पिंपरीच्या कारखान्यांत एर्गोनॉमिक्स, म्हणजे कामगारानं दिवसात आठशे वेळा वाकून पार्ट उचलायचा तर टेबल किती उंच हवं. इम्प्लांट बनवणाऱ्या कंपन्या. खेळाच्या अकादम्या. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांच्या शस्त्रक्रियेआधी चाल मोजणारी मोजकी रुग्णालयं. आणि शिकवणं. माझ्या हाताखालून गेलेल्यांतले निम्मे आज ओपीडीतच आहेत, प्रॅक्टिस चांगली चालते. त्यातली एक परवा म्हणाली, "मॅडम, आता मी पेशंटला कमी व्यायाम देते." मला त्या दिवशी पगार वसूल झाल्यासारखं वाटलं.

पुढच्या सहा महिन्यांत काय करायचं ते सांगते. अकरावीचं भौतिकशास्त्राचं पुस्तक काढ, बल आणि मोमेंटची प्रकरणं गणितांसकट सोडव. वर्गमैत्रिणीला सोबत घे, एकटीनं कंटाळा येतो. किनोव्हिआ फुकट आहे, मोबाइलच्या व्हिडिओवर कोन मोजायला शिक. मोबाइल कंबरेच्या उंचीवर, चालण्याच्या रेषेला काटकोनात, झूम न करता. तोच व्हिडिओ आठवड्यानं पुन्हा मोज आणि स्वतःच्याच दोन मोजणीत किती अंशांचा फरक येतो ते लिहून ठेव. तो आकडा बघून बहुतेकांचा ताठा उतरतो. त्यानंतर पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा. आणि मग ओपनसिम, स्टॅनफर्डमध्ये तयार झालेलं, २००७ पासून सगळ्यांना मोफत असलेलं सॉफ्टवेअर. त्यात स्नायूंचा अख्खा सांगाडा चालवून बघता येतो. सांगाडा तरंगायला लागला किंवा जमिनीत गुडघाभर रुतला तर घाबरू नकोस, सगळ्यांचा रुततो.

लॅपटॉप साधाच घे. १६ जीबी रॅम पुरे, गेमिंगच्या ग्राफिक्स कार्डावर वडिलांचे पैसे घालू नकोस. त्यातले पाचशे-सातशे वाचवून जुन्या बाजारातून काट्याचा वजनकाटा घे. डिजिटल नको, गोल तबकडीचा, सुई हलणारा. त्यावर उभी राहा, झटकन खाली बस आणि सुई आधी कुठल्या बाजूला पळते ते बघ. आधी कागदावर अंदाज लिही, मग काट्यावर चढ. चुकलीस तर मला कळव, बरोबर आलीस तरी का आली तेवढं लिहून पाठव.